सायबर सिक्युरिटीची डिग्री घ्यावी की साधं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग?

कराडजवळच्या एका गावातून बारावी सायन्स झालेल्या मुलीचा प्रश्न आहे. एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल बरा आहे, पण सीओईपी किंवा व्हीजेटीआय मिळण्याइतका नाही. पुढ्यात दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे सांगली-कोल्हापूर-पुणे पट्ट्यातल्या मध्यम कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. दुसरा म्हणजे पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं खास बी.टेक., फी जवळजवळ दुप्पट. शिवाय तीन उपप्रश्न आहेत. गणित किती लागतं? एथिकल हॅकिंगचा क्लास आत्ताच लावू का? आणि हा वडिलांचा: या नोकरीत रात्रपाळी असते का?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. फी दुप्पट असेल तर डोळे झाकून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. फी सारखी असती तर दोन्हींचे सिलॅबस शेजारी ठेवून ठरव, असं म्हटलं असतं. मी बँकांच्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सिस्टिम तपासते. म्हणजे लेखी परवानगी घेऊन आत शिरता येतं का ते करून बघते, आणि कुणी आधीच शिरून गेलं असेल तर त्याच्या खुणा शोधते. नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही माझ्याकडे येतात. खाली लिहिलंय ते तिथे दिसतं त्यावरून.

शाखेच्या नावावर जाऊ नकोस. कॅप राउंडची यादी चाळलीस तर 'इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी' असं एका दमात न म्हणता येणारं नाव दिसेल. थट्टा नाही, खरी शाखा आहे. अशा शाखांची पहिली दोन वर्षं बहुतेक कॉम्प्युटरसारखीच असतात. वेगळेपण तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या पाच-सहा विषयांपुरतं. तेव्हा पाहायचं ते हे, की हे पाच-सहा विषय कशाच्या जागी आलेत. इलेक्टिव्हच्या जागी आले असतील तर काही बिघडत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क, डेटाबेस, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन यांपैकी काही एका सेमिस्टरात एकत्र कोंबलं असेल आणि मोकळ्या झालेल्या जागेत 'एथिकल हॅकिंग १' आणि 'एथिकल हॅकिंग २' बसवलं असेल, तर ती डिग्री तुला उलट मागे ठेवेल.

का ते दाखवते. सी भाषा पहिल्याच वर्षी येईल. समज एका फंक्शनमध्ये नाव साठवायला १६ बाइटचा अ‍ॅरे घेतलाय आणि नाव वाचायला 'गेट्स' हे जुनं फंक्शन वापरलंय. जागा किती आहे हे गेट्सला सांगायची सोयच नाही. समोरचा एंटर दाबेपर्यंत ते वाचत सुटतं. ६४-बिट मशीनवर, कुठलंही संरक्षण न लावता साधं कंपाइल केलं, तर स्टॅकवर (फंक्शन चालू असताना वापरायच्या तात्पुरत्या मेमरीवर) त्या १६ बाइटच्या पुढचे ८ बाइट जुन्या बेस पॉइंटरचे, म्हणजे आधीच्या फंक्शनची स्टॅकवरची जागा दाखवणाऱ्या पत्त्याचे असतात, आणि त्याच्या पुढचे ८ बाइट रिटर्न अ‍ॅड्रेसचे. रिटर्न अ‍ॅड्रेस म्हणजे हे फंक्शन संपल्यावर प्रोसेसरने जिथे परत जायचं तो पत्ता. पंधरा अक्षरांचं नाव टाकलं तर सगळं सुरळीत. चोवीस अक्षरांच्या पुढे जे टाकशील ते मात्र थेट त्या पत्त्यावर जाऊन बसतं. कचरा टाकलास तर प्रोग्रॅम कोलमडतो. विचार करून टाकलास तर प्रोसेसर मुकाट तू सांगशील तिकडे जातो.

२ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म (एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) ज्या वाटांनी पसरला त्यातली एक नेमकी ही होती. फिंगर नावाच्या सेवेत ५१२ बाइटची जागा होती, गेट्सने वाचलं जात होतं, आणि वर्म ५३६ बाइट पाठवत होता. हे फंक्शन सी भाषेच्या मानकातून शेवटी २०११ मध्ये काढून टाकलं.

आता यावरचे उपाय बघ. स्टॅकवर मध्येच एक गुप्त आकडा ठेवायचा आणि परत जाण्याआधी तो बदलला का ते तपासायचं, हे काम कंपायलर करतो. स्टॅकवरचा मजकूर सूचना म्हणून चालवूच द्यायचा नाही, यासाठी प्रोसेसरमध्येच सोय लागते. दर वेळी मेमरीतले पत्ते इकडेतिकडे हलवायचे, हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. मग हल्लेखोरांनी प्रोग्रॅममध्ये आधीपासून असलेलेच सूचनांचे तुकडे जोडून आपलं काम करवून घ्यायची युक्ती काढली. एक साधी चूक, पण ती नीट समजायला तीन विषय लागले आणि तिन्ही कॉम्प्युटर सायन्सचे. एथिकल हॅकिंगच्या तासाला हेच मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या टूलमध्ये चार ओळी टाइप करून दाखवतात. स्क्रीनवर समोरच्या मशीनचा प्रॉम्प्ट येतो, वर्ग खूश. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की त्या चार ओळी चालत नाहीत, आणि का चालत नाहीत हे सांगायला वर्गात कुणी नसतं.

मुलाखतीत मी एक जुनाच प्रश्न विचारते. ब्राउझरमध्ये बँकेच्या साइटचा पत्ता टाकून एंटर दाबलं की पुढे काय काय होतं? जवळजवळ प्रत्येक जण 'डीएनएस' (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) म्हणतो आणि लगेच बँकेच्या सर्व्हरवर उडी मारतो. मी मध्ये अडवते. डीएनएसचा प्रश्न घेऊन जाणारं पॅकेट आधी तुझ्या राउटरपर्यंत जायला हवं. लॅपटॉपला राउटरचा आयपी पत्ता माहीत आहे, पण वायफायवर फ्रेम पाठवायला मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, लागतो. तो कुठून आला? इथे बरेच जण गप्प होतात, आणि बायोडेटावर तीन-तीन सर्टिफिकेट असतात. उत्तर एआरपी. लॅपटॉप सगळ्यांना ओरडून विचारतो की हा आयपी कुणाचा, आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो. उत्तर देणाऱ्याची ओळख पटवायची सोय त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. एवढं ज्याला कळलं त्याला हल्ला वेगळा शिकवावा लागत नाही. 'मग मीच राउटर आहे असं उत्तर दिलं तर?' हे त्याचं त्यालाच सुचतं. ज्याला सुचतं त्याला मी घेते, सर्टिफिकेट असो वा नसो.

डेटाबेसचंही तसंच. लॉगिनच्या खान्यात कुणी एक अवतरणचिन्ह टाकतो, पुढे 'किंवा १ = १' अशा अर्थाची अट लिहितो, आणि पासवर्ड न देता आत जातो. ही एसक्यूएल इंजेक्शनची बाळबोध आवृत्ती प्रत्येक क्लासमध्ये दाखवतात. पण मूळ दुखणं अवतरणचिन्हात नाही. आलेला मजकूर आणि द्यायची आज्ञा एकाच वाक्यात चिकटवून डेटाबेसकडे पाठवली, तिथे ते आहे. डेटाबेस क्वेरीचं आधी व्याकरण लावतो आणि मग ती चालवतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (आज्ञा आधी आणि मजकूर नंतर वेगळा पाठवायच्या पद्धतीने) काम का भागतं ते लगेच उमगतं. व्याकरण आधीच लावून झालेलं असतं, नंतर आलेला मजकूर काहीही असला तरी मजकूरच राहतो. ज्याला हे ठाऊक नाही तो अवतरणचिन्हं गाळणारा फिल्टर लिहितो. आणि तो फिल्टर चुकवायचे मार्ग शोधायचे मला पैसे मिळतात.

पुस्तकी वाटत असेल तर पुण्यातलंच उदाहरण घे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत जवळपास १२ हजार व्यवहारांतून परदेशातल्या एटीएममधून ७८ कोटी काढले गेले, तेही २८ देशांतून, नकली कार्डं वापरून. देशातल्या एटीएममधून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर वळते झाले. कार्ड खरं आहे का आणि खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न एटीएम स्विचकडून (एटीएमचे व्यवहार योग्य ठिकाणी पोचवणाऱ्या सिस्टिमकडून) बँकेच्या कोअर सिस्टिमकडे, म्हणजे खात्यांच्या मूळ सिस्टिमकडे जायला हवा होता. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा बनावट स्विच उभा केला आणि तोच 'मंजूर' अशी उत्तरं देत राहिला. खऱ्या सिस्टिमपर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

यातून काय शिकायचं? कुठलं टूल वापरलं असेल, हा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा. मी विद्यार्थ्यांना वेगळे प्रश्न देते. स्विच आणि कोअर बँकिंग यांच्यात संदेश कोणत्या नेटवर्कवरून जातात, आणि त्या नेटवर्कमध्ये दुसरं मशीन बसवता आलं तर ते कुणाला कळेल? कार्डाच्या व्यवहारांचे संदेश आयएसओ ८५८३ या मानकाप्रमाणे असतात. त्यांच्यावर अशी कुठली सही आहे का, जी बनावट स्विचला करता येणार नाही? स्विचच्या नोंदी आणि खात्यांच्या नोंदी किती वेळाने एकमेकींशी ताडून बघितल्या जातात? शेवटचा प्रश्न तर शुद्ध हिशेबनिसाचा आहे. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. ताळमेळ सोमवारी घालायचा अशी रीत असेल तर चोरालाही ती रीत माहीत असते. या कामात लेखापालाची नजर फार उपयोगी पडते, आणि कॉमर्सवाल्या घरातली मुलं इथे चांगली चमकतात असं माझं निरीक्षण आहे.

दुसरं उदाहरण न्हावा-शेव्याचं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपवलं, तेव्हा जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. हल्ला सुरू झाला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे इथले कंटेनर का थांबले, हे नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगता आलं पाहिजे.

गणिताला घाबरू नकोस. बारावीचं इंटिग्रेशन इथे फारसं येत नाही. लागतं ते डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, प्रोबॅबिलिटी आणि बाकीचं गणित, म्हणजे भागाकारानंतर उरणाऱ्या बाकीचं. आरएसए हे संदेश गुप्त करायचं तंत्र १९७७ चं. त्याची सगळ्यात छोटी आवृत्ती कागदावर करून बघ. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घे. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एक-एक वजा करून गुणाकार केला, २ गुणिले १०, की २० येतात. जाहीर करायची किल्ली ३ ठेव. गुप्त किल्ली अशी हवी की तिला ३ ने गुणून २० ने भागल्यावर बाकी १ उरावी. ती ७, कारण २१. आता ४ हा संदेश पाठवायचाय. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हे ३१ उघड्यावर पाठव, कुणीही बघू दे. ज्याच्याकडे ७ आहे तो ३१ चा सातवा घात करतो. घाबरू नकोस, ३१ म्हणजे ३३ पेक्षा २ ने कमी, म्हणून त्याच्या जागी उणे २ घेतलं तरी बाकी तीच येते. उणे २ चा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवले की ४. संदेश परत मिळाला.

३३ चे अवयव तोंडी पाडता येतात म्हणून हे खेळणं. प्रत्यक्षात ही संख्या २०४८ बिटची, म्हणजे सहाशेहून जास्त अंकी असते आणि तिचे अवयव पाडायची झटपट रीत आजच्या कॉम्प्युटरवर कुणाला सापडलेली नाही. इतकं करायला मजा आली तर क्रिप्टोग्राफीचा विचार कर. कंटाळा आला तरी हरकत नाही, या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्यांत एवढंही गणित रोज लागत नाही. मात्र आपल्याकडे मूळ संख्यांच्या या प्रांतात पहिल्या दर्जाचं काम झालंय, हे माहीत असू दे. संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झपाट्याने ठरवायची पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये निघाली. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची.

आता क्लास. आत्ता लावू नकोस. आत्ता म्हणजे प्रवेश व्हायच्या आधी आणि पहिल्या वर्षात तर नाहीच. त्या पैशात लॅपटॉपची रॅम वाढव. १६ जीबी आणि एसएसडी असली की व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आतच दुसरे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन-तीन लिनक्स मशीन सुखाने चालतात, ८ जीबीत एक-दोन. उबंटू हे साधं लिनक्स टाक, सिक्युरिटीची अवजारं भरलेलं काली नंतर. उबंटूवर रोजचं काम करायची सवय लागली, फाइलच्या परवानग्या, प्रोसेस, लॉग कुठे असतात हे हाताला कळलं की काली म्हणजे त्यातच भरलेली अवजारं. ओव्हर द वायरचं बँडिट नावाचं कोडं लिनक्सच्या कमांडपासून सुरू होतं, फुकट आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही सिक्युरिटीच्या कोड्यांची स्पर्धा शाळकरी मुलांसाठीही आहे. वेबकडे वळायचं तेव्हा पोर्टस्विगरची अकॅडमी, तीही फुकट, आणि महागड्या क्लासपेक्षा कितीतरी चांगली. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्कवरची लेक्चर्स आहेत. तुझ्या कॉलेजात हे विषय वाचून दाखवणारे सर मिळाले, तर ती लेक्चर्स म्हणजेच तुझं कॉलेज.

वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्या महिन्यातच टाक. घरच्या वायफायवर, स्वतःच्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक उघड आणि एक साइट उघडताना किती पॅकेट येतात-जातात ते नुसतं बघत बस. संपर्क सुरू करणारा तीन पॅकेटचा टीसीपी हँडशेक स्वतः शोधून काढलास की पुस्तकातली ती आकृती परत पाठ करावी लागणार नाही.

'घरच्या वायफायवर, स्वतःच्याच' हे मुद्दाम लिहिलं. हॉस्टेलच्या नेटवर्कवर किंवा कॉलेजच्या पोर्टलवर हात चालवून बघायचा मोह दुसऱ्या वर्षात प्रत्येकाला होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दल आणि तिथला डेटा उतरवून घेण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी फक्त चूक दाखवून देत होतो' हे सांगायची वेळ पोलीस ठाण्यात येऊ नये. कुठे भोक दिसलंच तर हात मागे घे आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळव, चुका जबाबदारीने कळवण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आमच्या धंद्यात चारित्र्याची चौकशी होते, आणि गावातल्या ठाण्यात नाव असेल तर बँकेच्या कामावर कुणी घेत नाही.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) आपल्याकडे एचआरच्या चाळणीत उपयोगी पडतं, त्यापलीकडे मला त्याचं फार अप्रूप नाही. ओएससीपीची परीक्षा प्रत्यक्ष मशीन फोडून द्यायची असते, त्यामुळे तिला वजन आहे, पण ती महाग आहे आणि डिग्रीच्या शेवटाला किंवा पहिल्या पगारातून द्यावी. जाहिरातींतलं 'शंभर टक्के प्लेसमेंट' वाचलं की पान उलट.

एक गोष्ट कुठलाच क्लास शिकवत नाही, ती म्हणजे लिहिणं. माझ्या कामाचा अर्धा वेळ रिपोर्ट लिहिण्यात जातो. चूक सापडली, ती किती गंभीर, पुन्हा कशी करून बघायची, दुरुस्त कशी करायची, आणि बँकेच्या संचालकांना दोन परिच्छेदांत काय सांगायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी बोलण्याची धास्ती असते, पण इथे खरी अडचण विचार क्रमाने न मांडण्याची असते आणि ती कुठल्याही माध्यमात होते. प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर एक पान लिहायची सवय लाव. आधी मराठीत लिहिलंस तरी चालेल, क्रम जमला की भाषा बदलता येते.

मग खास सायबर डिग्री कुणीच घेऊ नये का? तसं नाही. ज्याला डिजिटल फॉरेन्सिकमध्ये जायचंय, म्हणजे जप्त केलेल्या मोबाइल-हार्डडिस्कमधून कोर्टात टिकेल असा पुरावा काढायचाय, त्याच्यासाठी गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, गोव्यातही त्याचा कॅम्पस आहे. तिथे पुराव्याची साखळी, पंचनामा, कायदा हे सगळं मुळातून येतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ते येत नाही. सिलॅबस दमदार असलेल्या काही सीएसई सायबर शाखाही आहेत. पण नंतर वळायचे रस्ते इतके आहेत की अठराव्या वर्षी दुप्पट पैसे देऊन दार बंद करायची गरज नाही. कॉम्प्युटर घेऊन सायबर सिक्युरिटीत ऑनर्स करायची सोय बऱ्याच विद्यापीठांत आहे, विचारून घे. डिग्रीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डिटिस हा डिप्लोमा आहे, सी-कॅट परीक्षा देऊन, साधारण सहा महिन्यांचा. नेटवर्क, लिनक्स आणि सिक्युरिटी तिथे घासून करून घेतात. गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) चांगली गेली तर पुण्यातच गिरीनगरला संरक्षण खात्याची डीआयएटी आहे, सायबर सिक्युरिटीत एम.टेक. तिथे होतं.

परदेशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण दोन वर्षांनी विचारशील. ब्रिटनमध्ये एम.एससी. एका वर्षाची असते, आणि तिथल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने प्रमाणित केलेल्या डिग्रींची यादी जाहीर असते. अमेरिकेत एनएसए ही राष्ट्रीय सुरक्षा संस्था अशीच कॉलेजं मानांकित करते. कर्ज काढण्याआधी त्या याद्या बघाव्यात. पण एजंट एक गोष्ट सांगत नाहीत. सरकारी आणि संरक्षणाशी जोडलेल्या सिक्युरिटीच्या बऱ्याच नोकऱ्यांना तिथे नागरिकत्व किंवा सरकारी क्लिअरन्स लागतो, आणि तो व्हिसावर आलेल्याला सहसा मिळत नाही. शिल्लक राहतात त्या खासगी कंपन्या, आणि त्यांना मुलाखतीत तेच हवं असतं: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि कोड वाचता येणं.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारतीचे फोटो काढू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ आणि तीन गोष्टी विचार. लॅबमधल्या मशीनवर स्वतःचं लिनक्स टाकू देतात का, की माऊसलाही कुलूप आहे? नेटवर्कचं प्रॅक्टिकल खऱ्या राउटर-स्विचवर होतं, की जर्नलमध्ये मागच्या बॅचचं उतरवतात? कॉलेजात सीटीएफ, म्हणजे सिक्युरिटीच्या कोड्यांची स्पर्धा, खेळणारा एखादा गट आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पहिल्या दोनचं 'नाही' असलं तरी निभावेल. सोबतीने रात्र रात्र कोडी सोडवणारी चार मुलं मिळणं हे कुठल्याही सिलॅबसपेक्षा जास्त कामाचं असतं.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांना सरळ सांग, की हो, असते. सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्या एसओसीमध्ये, म्हणजे चोवीस तास अलर्ट बघणाऱ्या केंद्रात मिळतात आणि तिथे पाळ्या फिरत्या असतात. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या रात्री मुलींना घरपोच कॅब देतात. मुलाखतीत हे विचारायला लाजू नये, आणि ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावं. पुढे कोड तपासणं, पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने शिरून बघणं), क्लाउड, ऑडिट यांकडे वळलीस की बहुतेक काम दिवसाचं होतं. बँकांकडून ऑडिटची मागणी बारमाही आहे आणि तिथे मुली भरपूर आहेत. रात्र पूर्ण सुटते असं मात्र मी सांगणार नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. रात्री दोनला कळलं तर सकाळी आठच्या आत काय झालं, कुठल्या मशीनवर झालं हे लिहून गेलेलं हवं, आणि ते लिहिणारं माणूस जागं असावं लागतं.